वाचकांचे प्रश्न : पहिल्या सत्रातली पत्रे

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रे पदवीच्या पहिल्या वर्षाला नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची आहेत, म्हणून या अंकातली जागा मी त्यांच्यासाठीच ठेवली आहे. मुंबईतल्या एका महाविद्यालयात मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. त्या काळात पहिल्या सत्रात मागे पडलेली जी मुले मी पाहिली, ती हुशारीत कमी होती म्हणून मागे पडली असे क्वचितच घडले. शाळेत जे न मागता मिळत होते ते इथे जाऊन मागावे लागते, एवढी एकच गोष्ट त्यांना कोणी वेळेवर सांगितलेली नव्हती.

प्रश्न : ताई, मी बदलापूरला राहते. बारावीपर्यंत कला शाखेत मराठी माध्यमातून शिकले, चांगले गुण मिळाले आणि चर्चगेटजवळच्या एका महाविद्यालयात बी.ए.ला प्रवेश मिळाला. सकाळी पाच चाळीसला घर सोडते. सगळी लेक्चर्स इंग्रजीतून होतात. सर बोलतात ते मी उतरवून घ्यायला लागते, पण माझे पहिले वाक्य पुरे होईपर्यंत ते तिसऱ्या वाक्यावर गेलेले असतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या चाचणीत २० पैकी ७ गुण मिळाले. वर्गात उठून विचारावे तर इंग्रजी चुकेल याची भीती वाटते. घरी पोहोचते तोवर चार वाजतात आणि पुस्तक उघडले की डोळे मिटायला लागतात. मी चुकीच्या ठिकाणी आले आहे का?
— एक विद्यार्थिनी, बदलापूर

उत्तर : तू चुकीच्या ठिकाणी आलेली नाहीस, आणि हे मी तुझे मन राखण्यासाठी लिहीत नाही. बारावीच्या अर्थशास्त्रात तू सीमान्त उपयोगिता शिकली आहेस, मागणीची लवचिकता शिकली आहेस. तुझे सर ‘मार्जिनल युटिलिटी’ आणि ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’ म्हणतात तेव्हा ते याच गोष्टींबद्दल बोलत असतात. विषय तुझ्या ओळखीचा आहे, फक्त त्याला वर्गात दुसऱ्या नावाने हाक मारली जाते. म्हणून पहिले काम असे कर, की वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक विषयाची शब्दांची जोडयादी सुरू कर, एका बाजूला इंग्रजी शब्द आणि त्याच्यासमोर तुला माहीत असलेला मराठी शब्द. बारावीचे जुने पुस्तक रद्दीत देऊ नकोस. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो, त्यातल्या अर्थशास्त्राच्या नोंदीही उपयोगी पडतील. माझ्या अनुभवात, रोज चार-पाच शब्दांची भर घालणाऱ्या मुलांना दिवाळीच्या सुमारास वर्गातले बोलणे ऐकू यायला लागते. ऐकू येणे म्हणजे कानावर पडणे नव्हे, हे तुला आज मी सांगायला नको.

दुसरे काम तासाच्या आधीचे आहे. विद्यापीठाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर मिळतो, आणि कोणत्या घटकाला किती तास दिले आहेत हे त्यात लिहिलेले असते. उद्या काय शिकवले जाणार आहे हे त्यावरून कळते, आणि नाहीच कळले तर तास संपताना सरांना विचारता येते. तो भाग आदल्या दिवशी पंधरा मिनिटे मराठीतून वाचून गेलीस, तर वर्गातले ऐकणे ही त्या विषयाची दुसरी भेट ठरते. पहिल्याच भेटीत अनोळखी विषय आणि अनोळखी भाषा एकदम समोर आली तर कोणीही गांगरेल.

आता उतरवून घेण्याबद्दल. सरांची वाक्ये उतरवू नकोस. हात कितीही भरभर चालला तरी बोलणे त्याच्या पुढेच असते, आणि लिहिण्याच्या नादात ऐकणे राहून जाते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक नावाच्या प्राध्यापकांनी गेल्या शतकाच्या मध्याला एक पद्धत रूढ केली, ती मला आजही सर्वांत सोयीची वाटते. वहीच्या पानाला डावीकडे रुंद समास सोडायचा, उजवीकडे तासाला फक्त मुद्दे, आकृत्या आणि उदाहरणे टिपायची, आणि तास झाल्यावर त्याच दिवशी डाव्या समासात प्रत्येक मुद्द्यासमोर एक प्रश्न लिहायचा, ज्याचे उत्तर उजवीकडे आहे. पानाच्या तळाशी दोन ओळींत साऱ्याचे सार लिहायचे. मुद्दे मराठीत टिपलेस, अर्धे मराठी आणि अर्धे इंग्रजी लिहिलेस, तरी काही बिघडत नाही, कारण ती वही तपासायला कोणी मागणार नाही.

त्या डाव्या समासाचा खरा उपयोग गाडीत होईल. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगत असे. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून मिटवला आणि आठवेल तितका लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना स्पष्टपणे मागे टाकले. चाचणीच्या आदल्या रात्री वाचलेले सगळे समजल्यासारखे का वाटते आणि पेपर हातात आल्यावर का सापडत नाही, याचे उत्तर त्यात आहे. तुझ्या दृष्टीने यातली मोठी सोय अशी, की वाचायला बसायला जागा लागते आणि हात मोकळे लागतात, पण आठवायला यातले काहीच लागत नाही. बदलापूरहून निघालेल्या महिलांच्या डब्यात चौथी सीट मिळाली तर नशीब, नाहीतर दादरपर्यंत उभेच राहायचे. उभी असशील तेव्हा आदल्या दिवशी डाव्या समासात लिहिलेले पाच प्रश्न मनात घे आणि त्यांची उत्तरे स्वतःला सांग. जिथे अडशील तेवढेच नंतर वही उघडून बघ. परतीच्या गाडीत त्या दिवशीचे पाच घे.

घरी पोहोचल्यावर डोळे मिटतात, कारण तुझा दिवस पहाटे सुरू झालेला असतो. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नकोस आणि रात्री जागून भरपाई करायला जाऊ नकोस. दुपारी तास संपल्यावर लगेच स्टेशन न गाठता एक तास महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बस, समासातले प्रश्न तिथेच लिहून टाक, आणि कार्यालये सुटण्याच्या आत गाडी पकड. घरी फक्त हलके काम ने. रात्री दहाला झोपणे हा तुझ्या अभ्यासाचाच भाग आहे, असे आईलाही सांग, म्हणजे नऊनंतर कोणी कामाला हाक मारणार नाही.

विचारण्याची भीती सर्वांत जुनी आणि सर्वांत महाग आहे. वर्गात उठून विचारणे जमत नसेल तर शिक्षककक्षात जा. ‘सर, मला काहीच कळले नाही’ असे म्हणालीस तर त्यांनाही कुठून सुरुवात करावी हे कळणार नाही. ‘सर, मागणी वक्र उजवीकडे सरकतो असे आपण म्हणालात, नुसती किंमत उतरली तरी तो सरकतो, की आपण त्याच वक्रावरून खाली येतो?’ असा प्रश्न घेऊन गेलीस, तर कोणताही शिक्षक हातातले काम बाजूला ठेवून कागद ओढेल. मी ओढला आहे. प्रश्न मराठीत विचार. इंग्रजी चुकेल म्हणून विषय चुकू देऊ नये. जाताना चाचणीची उत्तरपत्रिकाही दाखवायला माग. सात गुण का मिळाले हे तिच्यात लिहिलेले आहे, आणि बहुधा असे दिसेल की दोन उत्तरे तुला येत होती पण प्रश्नातला एक शब्द कळला नव्हता.

शेवटी परीक्षेच्या भाषेबद्दल. अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवले होते. तुझ्या विषयांना ती सोय आहे का, हे परीक्षा विभागात आत्ताच विचार. अर्ज भरताना विचारलेस तर उशीर झालेला असेल. सोय असली तरी माझा सल्ला असा, की वर्षभरातले लहान लेखन इंग्रजीतून करून पाहा, कारण तिथे चुकलेले दुरुस्त करायला वेळ असतो, आणि सत्रान्त परीक्षेत ज्या भाषेत तुझा विचार सरळ उतरतो त्या भाषेत लिही. त्यात कमीपणा मुळीच नाही.

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो. मुलगा बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. शाळेत असताना गैरहजर राहिला तर लगेच फोन यायचा. इथून काहीच कळत नाही. उशिरा उठतो, कधी जातो कधी जात नाही, आणि विचारले तर ‘कॉलेजात असेच असते’ म्हणून चिडतो. प्राचार्यांना जाऊन भेटावे का?
— एक पालक

उत्तर : तुमची काळजी रास्त आहे आणि मुलाचे म्हणणे अर्धे खरे आहे. तास चुकवला म्हणून त्याच दिवशी कोणी विचारणार नाही हे खरे, पण हिशेब ठेवला जात नाही हे खोटे. मुंबई विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे सत्रात सरासरी ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि ती नसलेल्यांची डिफॉल्टर यादी फलकावर लागते तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असते. आता अभ्यासक्रम श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिट्सवर चालतो. व्याख्यानांच्या एका श्रेयांकाला १५ तास धरले जातात, म्हणजे चार श्रेयांकांच्या विषयाला साधारण ६० तास होतात आणि त्यातले १५ बुडाले की मर्यादा गाठली. हे गणित तुम्ही मुलाबरोबर कागदावर मांडा. ओरडण्यापेक्षा ते लवकर पोहोचते, असे मी अनेक घरांत पाहिले आहे.

प्राचार्यांना एकट्याने भेटायला जाऊ नका. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या पाठीमागे काही चालले आहे असे वाटले की तो घरी बोलणेच बंद करतो. त्याला सांगून, त्याच्यासह, वर्गाचे मार्गदर्शक शिक्षक असतील त्यांना भेटा, आणि तिथे त्यालाच बोलू द्या. घरीही प्रश्न बदलून पाहा. ‘अभ्यास केलास का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर असते. ‘हिशेबशास्त्रात सध्या काय चालले आहे, मला समजावून सांग’ असे विचारा आणि खरोखर ऐका. त्याला ते सांगता आले तर त्याचाच अभ्यास होईल, नाही आले तर कुठे अडले आहे हे त्याचे त्यालाच उमगेल.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण लालबागच्या घरांत शिकलेली मुले मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत, म्हणून विचारते. त्याला बसायला जागा आहे का? दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे, दूरदर्शन संच आणि स्वयंपाक एकत्र असतील, तर मुलगा घरी चिडका होतो आणि बाहेर भटकतो. वरळीला बी.डी.डी. चाळींजवळच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात. घरात जागा नसलेली मुले तिथे रस्त्यावरच्या दिव्यांखाली पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासाला बसत आली आहेत. तुमच्या विभागात मंडळाची किंवा पालिकेची अभ्यासिका असेल तर तिची चौकशी करा, नाहीतर दादरला १८९८ साली स्थापन झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे विचारा. मुलाला नुसते ‘जा’ म्हणू नका, पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर जा.

प्रश्न : मी संगमेश्वर तालुक्यातला आहे. मुंबईत अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला असून वसतिगृहात राहतो. रात्री वरच्या वर्गातली मुले ओळख करून घ्यायची म्हणून खोलीत बोलावतात, उभे करून ठेवतात, घरच्यांवरून बोलतात. तक्रार केली तर चार वर्षे काढायची कशी? गावी कळवले नाही. गणपतीला घरी गेलो की परत येऊ नये असे वाटते.
— एक विद्यार्थी

उत्तर : तुझ्या बाबतीत जे चालले आहे त्याला ओळख म्हणत नाहीत, रॅगिंग म्हणतात, आणि तो महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी विद्यार्थ्याला संस्थेतून काढले जाते आणि पाच वर्षे दुसरीकडे प्रवेश मिळत नाही. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखांनी सात दिवसांत चौकशी केली पाहिजे, असेही त्या कायद्यात आहे. हे तुला सांगते ते यासाठी, की तुला गप्प बसवणाऱ्यांना हे ठाऊक असते आणि तुला ते ठाऊक नाही याच भरवशावर ते वागत असतात.

आज काय करायचे ते सांगते. कोणत्या रात्री, किती वाजता, कोणत्या खोलीत, कोण कोण होते आणि काय म्हणाले, हे तारखेनिशी लिहून ठेव. तुझ्यासारखे अजून दोघे-तिघे असतीलच, एकत्र जा. वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे जायला धजत नसशील तर रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा १८००-१८०-५५२२ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो चोवीस तास चालू असतो. आणि घरी कळव. वडिलांना वाईट वाटेल म्हणून तू लपवतो आहेस हे मला समजते, पण त्यांना हे दुसऱ्याकडून कळले तर अधिक वाईट वाटेल. चार वर्षांची भीती धरू नकोस. बोललेल्या मुलाच्या वाट्याला ते सहसा पुन्हा जात नाहीत, हे मी वसतिगृहाच्या समितीवर असताना पाहिले आहे.

गणपतीला अवश्य जा. कोकणातल्या मुलांसाठी गौरी-विसर्जनानंतरचा परतीचा प्रवास हा पहिल्या वर्षातला सर्वांत जड दिवस असतो, कारण जून-जुलैची नवलाई संपलेली असते आणि घरच्या जेवणाची चव पुन्हा जिभेवर आलेली असते. म्हणून परतण्याचा दिवस आधीच ठरव, शक्यतो आपल्या बाजूच्या एखाद्या मुलाबरोबर ये, आणि दुसऱ्याच दिवसासाठी काही काम ठरवून ठेव. राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाल असे सुचवेन. वर्षाला १२० तासांचे काम असते, आणि खांद्याला खांदा लावून काम करताना होते तशी मैत्री मेसच्या रांगेत होत नाही. जेवण नकोसे झाले, झोप उडाली, वर्गात बसवेना, असे दोन आठवडे राहिले तर १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीवर फोन कर. तिथे मराठीत बोलता येते. मन आजारी पडल्यावर वाट पाहत बसायचे नसते.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाला आहे. विभागप्रमुखांनी आम्हा काही जणांना नव्या मुलांना मदत करायला सांगितले आहे. काय करावे?
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : स्वागत समारंभात वेळ घालवू नका. भाषणे त्यांनी ऐकलेली असतात आणि ती त्यांच्या लक्षात राहत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ‘दीक्षारंभ’ उपक्रमाप्रमाणे महाविद्यालय सुरुवातीचा कार्यक्रम करीत असेलच. तुम्ही त्यानंतरचे काम घ्या. प्रत्येकीने पाच मुले वाटून घ्या आणि त्यांच्याबरोबर चाला. रेल्वेच्या सवलतीच्या पासाचा अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो, ग्रंथालयातून पुस्तक घरी कसे न्यायचे, महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रे कधीपर्यंत लागतात, हे तोंडी न सांगता त्या त्या ठिकाणी नेऊन दाखवा. शिष्यवृत्तीची मुदत उलटून गेल्यावर रडणारी मुले मी दर वर्षी पाहिली आहेत आणि त्यातली बहुतेक पहिल्या वर्षाची असत.

दुसरी भेट पहिल्या अंतर्गत चाचणीचे गुण लागल्यावर ठेवा, कारण आधार खरा तेव्हा लागतो. त्या दिवशी तुम्हाला पहिल्या सत्रात किती गुण मिळाले होते ते मोकळेपणाने सांगा; एटीकेटी लागली असेल, म्हणजे एखादा विषय राहून पुढच्या सत्रात गेला असाल, तर तेही सांगा आणि ती कशी सोडवली हेही सांगा. जो मुलगा सर्वांत मागे बसून काहीच विचारत नाही त्याच्याशी स्वतःहून बोला. गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि तुमच्या वह्यांच्या प्रती सप्टेंबरअखेर त्यांच्या हाती पडतील असे पाहा. ऑक्टोबरमध्ये तुमच्याही परीक्षा असतील आणि मग तुम्हाला वेळ राहणार नाही.